घरबसल्या फोन सर्व्हे: डिपॉझिट गेलं, मेहनतही गेली

सोलापूरच्या पूर्व भागात घरून करायच्या कामाला बायका शोधाव्या लागत नाहीत. आई विड्या वळते, बारावी झालेल्या लेकीला विडी नको असते आणि लांब नोकरीला पाठवायला घरचे राजी नसतात. मराठी, तेलुगू, हिंदी तिन्ही सफाईनं बोलतात पोरी. हे हेरूनच पुण्याच्या कंपनीचं नाव सांगत एक जण माझ्या कॉम्प्युटर क्लासवर आला. फोनवरून मुलाखती घ्यायच्या, पूर्ण झालेल्या मुलाखतीला 40 रुपये. सॉफ्टवेअरच्या लायसन्सचं माणशी 2,500 डिपॉझिट, काम संपलं की परत. पैसे यूपीआयनं घेतले, तेही एका माणसाच्या खात्यावर.

सॉफ्टवेअर म्हणजे फुकटात बनणारा ऑनलाइन फॉर्म निघाला. खऱ्या टेलिफोन सर्व्हेत नंबर कॉम्प्युटर देतो, सुपरवायझर अधूनमधून कॉल ऐकतो, समोरच्याला सर्व्हे कोणती संस्था कशासाठी करतेय ते सांगून आधी परवानगी घेतात. इथं पोरींनी स्वतःच्या मोबाइलवरून फोन लावायचे. सुरुवातीचे प्रश्न साबण आणि चहाचे. पुढं मात्र: खातं कोणत्या बँकेत, एटीएम कार्ड कोणतं, घरात दिवसा एकटं म्हातारं माणूस असतं का. साबण विकणाऱ्याला हे कशाला हवं? पुढच्या फसवणुकीची सावजं आमच्याच पोरींच्या गोड आवाजात गोळा होत होती.

महिना भरला तसे फोन सुरू झाले, “मॅडम, पैसे कधी पडतेत?” तिकडून एक्सेल शीट आली. नव्वद टक्के मुलाखती ‘रिजेक्ट’. कारण एकच, ‘आवाज अस्पष्ट’. एका पोरीनं स्वतःच्या फोनवर रेकॉर्डिंग ठेवलं होतं. ऐकलं तर मागच्या पंख्याची घरघरसुद्धा स्वच्छ ऐकू येते! उरलेल्या बिलासाठी नवी अट आली: 18 टक्के जीएसटी आधी तुम्ही भरा. अहो, जीएसटी बिलात लावून काम देणाऱ्याकडून घ्यायचा असतो, टीडीएस कापायचाच तर मिळणाऱ्या रकमेतून कापतात. स्वतःचंच बिल सोडवायला खिशातून पैसे भरायचे, ही पद्धत कुठल्याच हिशेबात बसत नाही.

सगळ्यात घातक मागणी सिमची. “जुने नंबर स्पॅम झालेत, तुमच्या नावावर नवी सिम काढून कुरिअर करा.” दोघींनी पाठवली. त्या सिमवरून कुणाला गंडा घातला तर पोलीस आधी त्यांच्याच दारात येणार. सरकारच्या दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर आपल्या नावावरचे नंबर दिसतात. तिथं ‘गरज नाही’ नोंदवून ते बंद करायची विनंती केली.

आता हाच माणूस बार्शी, मंगळवेढ्याकडं बायका जमवतोय, असं कानावर आलंय. तिकडं कुणी पैसे भरले असतील तर त्याच्या उत्तराची वाट बघू नका. व्यवहार क्रमांक आणि चॅटचे स्क्रीनशॉट हाताशी ठेवून लगेच 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावा. पैसे काढून घेतले जायच्या आत तक्रार गेली तर रक्कम गोठवता येण्याची शक्यता जास्त असते. आणि सिम दिली असेल तर ती त्याच दिवशी बंद करा.