फ्रीकॅड शिकायचंय: कोर्सचे व्हिडिओ बरे की पोरांचे?

माझं छोटं फॅब्रिकेशन वर्कशॉप आहे. फ्रीकॅड हे कॉम्प्युटरवर थ्रीडी पार्ट काढायचं फुकट सॉफ्टवेअर. ते शिकताना मी पैसे भरून एक ऑनलाइन कोर्स घेतला, आणि यूट्यूबवर इंजिनिअरिंगच्या पोरांनी हॉस्टेलवर बसून केलेले व्हिडिओही पाहिले.

कोर्सचा आवाज स्वच्छ, धडे क्रमानं, माऊसभोवती पिवळं वर्तुळ. पोरांकडे पंखा घरघरतो, मध्येच कोणीतरी दार वाजवतं. ज्याची प्लेलिस्ट मी धरली, त्याच्या भाग तीननंतर थेट भाग पाच. चौथा बहुतेक परीक्षेत वाहून गेला.

तरी माझा कोर्स अर्ध्यात सुटला, तो एका मोटर ब्रॅकेटमुळे. १२ मिमीची प्लेट, तिच्या वरच्या फेसवर (पृष्ठभागावर) स्केच काढून बॉस, म्हणजे वर आलेला उंचवटा, उभा केलेला. गिऱ्हाईक म्हणालं, प्लेटला एक खाच द्या. खालचं स्केच उघडून खाच काढली, तर बॉस प्लेटच्या कडेला आडवा चिकटला! तेव्हा ०.२१ आवृत्ती होती. फ्रीकॅड फेसना नंबर देतं. मूळ आकार बदलला की नंबर सरकतात, आणि 'फेस ६'वर बसवलेलं काम भलत्याच फेसवर जातं. हे मला नंतर कळलं. कोर्समध्ये दोन संध्याकाळी शोधलं. तिथे प्रत्येक पार्ट पहिल्या फटक्यात बरोबर येतो. मागे जाऊन माप बदलायची वेळ त्या सरांवर कधी आलेलीच दिसत नाही. आमच्याकडे तर रोजचं काम तेच.

त्या पोराच्या व्हिडिओत नेमका त्याचाच बॉस उडाला. "अरे, हा कुठं गेला?" मग बराच वेळ नुसता पंखा. अनडू केलं, परत उडाला. शेवटी त्यानं स्केच फेसवरून काढून एक्स-वाय प्लेनला (न हलणाऱ्या मूळ आडव्या पातळीला) जोडलं, अटॅचमेंटमध्ये झेडला, म्हणजे उंचीच्या दिशेला, प्लेटच्या जाडीएवढा ऑफसेट (अंतर) दिला, आणि बॉस जागेवर बसला. एवढा भाग त्याला कापता आला असता. कदाचित एडिटिंग येत नसावं. माझं मात्र काम झालं.

आता नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या १.० पासून हा त्रास पुष्कळ कमी झालाय, हे सांगायला हवं. शिवाय पोरांच्या व्हिडिओंची तारीख बघूनच बसा: १.० मध्ये असेंब्लीची, म्हणजे पार्ट एकमेकांना जोडायची, सोय आतच आली, जुन्या व्हिडिओंत त्यासाठी वेगळी अ‍ॅड-ऑन टाकायला लावतात. टेकड्रॉमध्ये (फ्रीकॅडच्या ड्रॉइंग काढायच्या भागात) मापं टाकून शॉपफ्लोअरला द्यायचं ड्रॉइंग कोर्सनंच नीट शिकवलं. पोरं थ्रीडी मॉडेल फिरवून दाखवतात आणि "लाइक करा" म्हणून निघतात. नोकरीसाठी सर्टिफिकेट हवं असेल तर कोर्स घ्यावा, माझी ना नाही.

गेल्या महिन्यात भाच्यानं विचारलं तेव्हा मी त्याला त्या पोराचीच प्लेलिस्ट पाठवली. चौथा भाग शोधत बसू नकोस, हेही लिहिलं.