मेलच्या सहीत व्हिजिटिंग कार्ड: आऊटलुक, जीमेल की थंडरबर्ड?

सांगलीच्या मार्केट यार्डातून हळद-बेदाणा परदेशी पाठवणारे असोत की कुपवाड एमआयडीसीतले सुटे भाग बनवणारे, आता कोटेशन सगळं मेलवरच जातं. मग व्हिजिटिंग कार्डही त्याच मेलच्या सहीतून जावं आणि समोरच्यानं एकदा बोट टेकवलं की नाव-नंबर-पत्ता थेट त्याच्या फोनमध्ये सेव्ह व्हावा, ही सोय फार उपयोगाची आहे. फक्त एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. सेव्ह होते ती व्हीसीएफ फाइल, म्हणजे नाव-नंबर-पत्ता साठवणारी छोटी फाइल; तिलाच व्हीकार्ड म्हणतात. वर दिसणाऱ्या रंगीत कार्डाच्या चित्रातून नंबर आपोआप फोनबुकात उतरत नाही. छापील कार्डाचा फोटो सहीत डकवणाऱ्यांची गाडी इथेच अडते. त्यात पुष्कळ कंपन्यांचं आऊटलुक बाहेरून येणारी चित्रं आपणहून उघडत नाही, त्यामुळे खरेदीदाराला नुसता रिकामा चौकोन दिसतो.

आधी आऊटलुक. विंडोजवरच्या जुन्या, म्हणजे क्लासिक आऊटलुकमध्ये ही सोय आयती आहे. अगोदर कॉन्टॅक्ट्समध्ये स्वतःचंच नाव भरून ठेवायचं. मग नवा मेल उघडून सिग्नेचर, सिग्नेचर्स, न्यू असं जायचं आणि वरच्या पट्टीतलं बिझनेस कार्डचं बटण दाबून तो कॉन्टॅक्ट निवडायचा. कार्डाचं चित्र आणि व्हीसीएफ दोन्ही जोडलं जातं. तिथेच खाली नव्या मेलसाठी कुठली सही आणि उत्तरासाठी कुठली, हे वेगवेगळं ठरवता येतं. उत्तराच्या सहीत कार्ड ठेवू नका. एकाच सौद्यावर वीस मेल झाले तर तेच कार्ड वीसदा जातं, आणि समोरचा खरी ॲटॅचमेंट, म्हणजे इनव्हॉइस, शोधत बसतो. नव्या आऊटलुकमध्ये आणि वेबवरच्या आऊटलुकमध्ये हे बटण नाही, त्यामुळे नवीन कॉम्प्युटर घेतलेल्यांनी त्याच्या भरवशावर राहू नये.

आऊटलुकमधली खरी अडचण मराठी अक्षरांची. ते व्हीकार्डची २.१ ही जुनी आवृत्ती वापरतं, आणि एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं साठवायची पद्धत, पाश्चात्त्य लिपीचं राहिलं तर देवनागरी नावाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं पोचतात. फाइल, ऑप्शन्स, ॲडव्हान्स्ड इथे इंटरनॅशनल ऑप्शन्स असा भाग आहे. त्यात बाहेर जाणाऱ्या व्हीकार्डसाठीचं एन्कोडिंग युनिकोड यूटीएफ-८ करा. तरीही महाराष्ट्राबाहेर व्यवहार असेल तर मुख्य नाव रोमन लिपीतच ठेवलेलं बरं. गुजरातचा किंवा दुबईचा व्यापारी फोनबुकात तुमचं नाव देवनागरीत टाइप करून शोधणार नाही. मराठी नाव टिपणाच्या रकान्यात लिहा.

थंडरबर्ड साधं आहे आणि फुकट आहे. अकाउंट सेटिंग्जमध्ये आपल्या खात्याच्या पहिल्याच पानावर व्हीकार्ड जोडण्याची चौकट आहे. शेजारच्या एडिट कार्डमध्ये माहिती भरली की झालं. चित्राची भानगड नाही. मात्र मग कार्ड सरसकट प्रत्येक मेलला जातं. नको असेल तेव्हा मेल लिहिताना ॲटॅचच्या यादीतून व्हीकार्डची खूण काढावी लागते, आणि घाईत ते राहतंच.

जीमेलच्या सहीत फाइल जोडताच येत नाही. वरवर ही उणीव वाटते, पण तिच्यामुळे जी वाट घ्यावी लागते तीच सगळ्यांत चांगली ठरते: व्हीसीएफ फाइल एका जागी ठेवायची आणि सहीत तिची लिंक द्यायची. मेल हलका राहतो, आणि अनोळखी ॲटॅचमेंट अडवणाऱ्या कंपन्यांमध्येही निदान मेल सुखरूप पोचतो. फाइल गूगल ड्राइव्हवर टाकली तर शेअरिंग ‘लिंक असलेला कोणीही’ असं करा. नाहीतर समोरच्याला परवानगी मागायचं पान दिसतं आणि तो तिथूनच परत फिरतो. स्वतःची वेबसाइट असेल तर फाइल तिथेच ठेवणं अधिक चांगलं, कारण ड्राइव्हमध्ये डाउनलोडसाठी एक टिचकी जास्त मारावी लागते. सर्व्हरवर या फाइलचा प्रकार व्हीकार्ड म्हणून लावलाय ना, हे वेबसाइटवाल्याला विचारून घ्या. लावला नसेल तर ब्राउझर कार्ड उघडण्याऐवजी आतला मजकूर दाखवू शकतो.

फाइल नोटपॅडमध्ये हातानं बनवता येते, पण पत्त्याची ओळ जपून लिहा. तिच्यात सात कप्पे असतात, अर्धविरामानं वेगळे केलेले: पोस्ट बॉक्स, जादा पत्ता, रस्ता, गाव, राज्य, पिन, देश. पहिले दोन रिकामे ठेवले तरी त्यांचे अर्धविराम हवेतच. ते गाळले की सगळं दोन घरं मागे सरकतं आणि ४१६४१६ गावाच्या जागी जाऊन बसतं. सेव्ह करताना प्रकार ‘ऑल फाइल्स’ निवडा. तसं केलं नाही तर फाइलच्या नावाला टीएक्सटी चिकटतं आणि फोन तिला कार्ड म्हणून ओळखत नाही. फोन नंबर +९१ नं सुरू करा आणि सांगलीचा कोड शून्य काढून २३३ असा लिहा. ०२३३ सेव्ह झालेला नंबर परदेशातून लागत नाही. फोटो घालणार असाल तर अगदी लहान घाला, कारण व्हीसीएफमध्ये तो एक तृतीयांशानं फुगतो. ३०० केबीचा फोटो ४०० केबी जागा खातो.

सहीत क्यूआर कोड टाकायची टूम निघालीय. मेल कॉम्प्युटरवर वाचणाऱ्याला तो चालेल. पण मेल फोनवरच उघडला तर त्याच फोनचा कॅमेरा त्या कोडवर धरणार कसा? त्याखाली लिंक हवीच. आणि लिंकच्या वर नाव, हुद्दा, मोबाइल या तीन ओळी साध्या अक्षरांत असू द्या. कित्येकांना तेवढंच पुरतं.

नंबर बदलला तर ड्राइव्हवर नवी फाइल टाकू नका, तिची लिंक वेगळी होते. जुन्या फाइलच्या मॅनेज व्हर्जन्समध्ये जाऊन नवी आवृत्ती चढवा. लिंक तीच राहते, आणि दोन वर्षांपूर्वीच्या मेलमधली लिंक दाबणाऱ्यालाही नवाच नंबर मिळतो.