साप दिसला: पकडणाऱ्याला बोलवायचं की जाऊ द्यायचं?

ब्रिस्बेनमधल्या द गॅपसारख्या रानाला लागून असलेल्या उपनगरात हा प्रश्न दर उन्हाळ्यात पडतो. मारणं हा पर्यायच नाही. इथे, ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्यात, सापांना कायद्याचं संरक्षण आहे.

साप घरात शिरला तर परवानाधारक पकडणाऱ्याला फोन. तोवर खोलीचं दार लावून खालच्या फटीत टॉवेल कोंबायचा. पैसे मोजावे लागतात, पण ईस्टर्न ब्राऊनसारखा जहाल विषारी साप असेल तर घासाघीस कसली?

अंगणातला साप मात्र बहुतेकदा आपणहून निघून जातो. मुलं आणि कुत्रा आत घ्यायचा, लांब राहायचं. आमच्या पत्र्याखालचा कार्पेट पायथन (अजगराची एक जात) तर मला हवाच आहे. बिनविषारी, आणि उंदरांचा काळ! त्याला हलवलं तरी उंदीर राहणारच, आणि त्यांच्यामागे दुसरा साप येणार.

चावलाच तर जखम धुवू नका. चावा बसलेला हात किंवा पाय न हलवता त्यावर रुंद पट्टी घट्ट गुंडाळा, 000 या आपत्कालीन नंबरला फोन करा.