446 पोलादाची शीथ, काही महिन्यांच्या वापरानंतर: गंधकाच्या वायूत निकेलपेक्षा सरस

आमच्या भट्टीत 850 अंश सेल्सिअसच्या आसपास हायड्रोजनयुक्त वायू असतो आणि त्यात हायड्रोजन सल्फाइडही असतो. तिथले तापमान मोजणाऱ्या थर्मोकपलला आधी 600 क्रमांकाच्या निकेल मिश्रधातूची शीथ, म्हणजे संरक्षक नळी, होती. ती वॉरंटीच्या मुदतीतच टोकाकडून खाल्ली गेली. बाहेर काढली तेव्हा टोकावर काळपट फोड आलेले होते आणि एक फोड फोडून पाहिला तर आत फिकट पितळी चकाकी होती, जणू धातू वितळून तिथेच गोठला असावा. पुरवठादाराने मात्र ‘वायूमुळे झालेले नुकसान वॉरंटीत बसत नाही’ असे सांगून हात वर केले.

माझा राग आहे तो माहितीपत्रकातल्या एका आकड्यावर. ‘कमाल तापमान 1150 अंश’ असे ठळक छापायचे आणि ते कोणत्या वायूत हे लिहायचेच नाही, ही ग्राहकाची शुद्ध दिशाभूल आहे. तो आकडा हवेतला असतो. शुद्ध निकेल 1455 अंशांना वितळते, पण निकेल आणि निकेल सल्फाइड एकत्र आले की सुमारे 640 अंशांनाच द्रव तयार होऊ लागतो. 600 मध्ये 72 टक्के किंवा त्याहून अधिक निकेल असते. त्यातले साधारण 15 टक्के क्रोमियम हवेत ऑक्साइडचा घट्ट थर धरते. परंतु ऑक्सिजन अत्यल्प आणि गंधक भरपूर असलेल्या वायूत त्या थराऐवजी सल्फाइड वाढते, आणि सल्फाइडच्या स्फटिकरचनेत रिकाम्या जागा इतक्या असतात की धातूचे आयन त्यातून झपाट्याने बाहेर सरकत राहतात. असा थर कितीही जाड झाला तरी संरक्षण देत नाही. हे सारे जाणकारांना जुने आहे. मग विकणाऱ्याने एक ओळ छापायला काय हरकत आहे?

त्यानंतर 446 घेतली. हे फेरिटिक स्टेनलेस पोलाद आहे: क्रोमियम 25 टक्क्यांच्या आसपास, निकेल जवळजवळ नाही आणि उरलेले बहुतेक लोखंड. लोखंड आणि त्याच्या सल्फाइडचे मिश्रण 988 अंशांपर्यंत वितळत नाही, त्यामुळे आमच्या तापमानाला द्रवाची धास्ती राहिली नाही. पहिल्या तपासणीत पृष्ठभागावर पातळ, एकसारखी करडी पपडी होती, फोड एकही नव्हता, आणि किंमतही निकेलच्या नळीपेक्षा कमी पडली होती. तेव्हा मी हिला पैकीच्या पैकी गुण दिले असते.

आता देणार नाही. आडवी बसवलेली नळी हळूहळू खाली झुकली, कारण तापलेल्या अवस्थेत या पोलादाची ताकद फारच कमी असते. आधार दिल्यावर झुकणे थांबले. दुसरी अडचण ठिसूळपणाची आहे: 475 अंशांच्या आसपास दीर्घकाळ राहिलेला भाग थंड झाल्यावर ठोका सहन करत नाही, आणि फ्लँजजवळचा (नळी भट्टीला जिथे जोडली जाते त्या कडेजवळचा) भाग नेमका त्याच तापमानात असतो. त्यामुळे नळी काढताना हातोडी वापरू नये, पाना लावून सावकाश सोडवावी.

तरीही पुढची शीथ मी 446 चीच मागवली आहे. या वेळी ऑर्डरमध्ये वायूतील हायड्रोजन सल्फाइडचे प्रमाण लिहून दिले असून, त्या वायूतली तापमानमर्यादा लेखी मिळेपर्यंत पैसे द्यायचे नाहीत असे ठरवले आहे.