फ्रायडे द थर्टीन्थ: बारा पिक्चर, खरं भांडण दोनच पार्टवरनं

आमच्या बेळगावात स्लॅशर, म्हणजे एक खुनी एकेकाला गाठून मारत सुटतोय असले पिक्चर, बघणारी दोन माणसं एकत्र आली की पाच मिनिटांत विषय तिथंच येतोय, चौथा पार्ट भारी का सहावा. आमचा खानापूरचा दोस्त सहाव्याचा कट्टर माणूस, निपाणीचा भाचा पण त्याच्याच बाजूला, मी चौथ्याचा, आणि एक गोकाकचा गडी आहे तो कन्नडमध्ये शिव्या घालत पाचव्याची बाजू घेतोय, त्याचं काय करायचं ते नंतर बघू. ह्या पावसाळ्यात सगळी सिरीज परत लावून बघितली, मधी मधी लाईट जात होती तरी पण, आणि आता डोक्यात ताजं आहे तोवर लिहून टाकतो. कोण मरतंय कसं मरतंय सगळं उघडं लिहिलंय, चाळीस वर्षांपूर्वीच्या पिक्चरचा सस्पेन्स फुटला म्हणून कुणी बोंबलायचं नाही.

आधी "ओरिजिनल तो ओरिजिनल" म्हणणाऱ्यांचं बघू. 1980 चा पहिला पिक्चर, डायरेक्टर शॉन कनिंगहॅम. त्यात जेसन, म्हणजे ह्या सिरीजचा तो फेमस मास्कवाला खुनी, खून करतच नाही की ओ! खून करते त्याची आई, पामेला व्हॉरहीज. पोरगं 1957 ला क्रिस्टल लेकच्या पोरांच्या सुट्टीच्या कॅम्पात बुडालं, सांभाळायला ठेवलेल्यांचं लक्ष भलतीकडं होतं, त्याचा सूड. बेट्सी पामरनं ती बाई अशी केलीय की पहिल्यांदा स्वेटर घालून हसत येते तेव्हा वाटतं चला आली कुणीतरी मोठी, आता पोरगी वाचली. टॉम सॅविनीचा मेकअप आणि हॅरी मॅनफ्रेडिनीच्या म्युझिकमधलं ते की-की-की मा-मा-मा, हे दोन्ही आजपण चालतंय. खरं मोठा झालेला जेसन येतो दुसऱ्यात, 1981 ला, डोक्यावर एका डोळ्याचं भोक पाडलेलं पोतं घालून, आणि हॉकीचा मास्क येतो 1982 ला तिसऱ्यात. टी-शर्टवर जो जेसन छापून येतोय तो सगळा सीक्वेलचा माल आहे, त्यामुळं ह्या सिरीजला सीक्वेलनी घाण केली असं म्हणणाऱ्यानं निदान आपला टी-शर्ट तरी बघावा.

माझं म्हणणं साधं आहे. जेसन सगळ्या पार्टात सारखाच, चालत येतोय आणि मारतोय. पार्ट चांगला का वाईट हे ठरतंय मरणाऱ्या पोरांवरनं. पोरगं मेल्यावर अरेरे वाटलं तर पिक्चर जमला, नाही वाटलं तर नुसती मोजदाद.

दुसराच घ्या. जिनी म्हणून पोरगी आहे, बाल मानसशास्त्र शिकणारी. बारमध्ये बसून ती सगळ्यांना सांगते की हा जेसन खरंच असेल तर आत भ्यालेलं पोरच असेल, आईला मरताना बघितलेलं. बाकीचे हसतात. आणि शेवटी त्याच्या झोपडीत अडकल्यावर ती काय करते, त्याच्या आईचा स्वेटर अंगात घालते आणि आईच्या आवाजात त्याला दटावते! पळायचं किंचाळायचं सोडून डोकं चालवणारी नायिका, त्या काळी लै मोठी गोष्ट. ह्या सिरीजमधली सगळ्यात हुशार पोरगी, ह्यावर आमच्यात भांडण नाही.

तिसरा थ्रीडीसाठी काढलेला, त्यामुळं घरच्या टीव्हीवर बघितला की वाट लागते. योयो काय कॅमेऱ्यात येतोय, बांबू काय येतोय, पॉपकॉर्न काय उडतंय, का ते कळत नाही. आपल्याकडं झपाटलेला 2 पण 2013 ला थ्रीडीत आला होता, तिथं निदान तात्या विंचूला तोंडभर डायलॉग होते, जेसन बिचारा मुका. खरं ह्याच पार्टात शेली आहे. जाडा पोरगा, कुणी भाव देत नाही म्हणून मेल्याची सोंगं करून लोकांना भ्या घालणारा. तो मास्क त्याचाच, जेसन त्याच्याकडनंच उचलतो. आणि खरा गळा चिरलेला शेली दारात येतो तेव्हा पोरगीला वाटतं परत सोंग करतोय. हसू पण येतंय आणि वाईट पण वाटतंय. ह्या एका पोरासाठी बाकीचा पिक्चर माफ.

आता चौथा. 1984, जोसेफ झिटो, नाव द फायनल चॅप्टर. शेवटचा म्हणून सांगितलं आणि वर्षाच्या आत पाचवा आणला, नाटकवाल्यांचा "शेवटचे काही प्रयोग" बोर्ड परवडला. (गंमत म्हणजे दोन, तीन, चार ही सगळी कथा लागोपाठच्या दिवसांत घडते, त्या गावच्या पोलिसांना झोप म्हणून नसेल.) तर ह्यात जार्विस म्हणून एक घर आहे, आई, पोरगी ट्रिश आणि धाकटा टॉमी, आणि गॉर्डन नावाचं कुत्रं. टॉमी घरात बसून राक्षसाचे मुखवटे करतोय, कोरी फेल्डमन. शेजारच्या घरात सुट्टीला आलेली पोरं. त्यातला जिमी, क्रिस्पिन ग्लोवर, ह्याला मित्रानं कॉम्प्युटरचं नाव सांगून मनात घालून दिलंय की तू पोरींच्या बाबतीत फेल आहेस, आणि ते बिचारं पूर्ण पिक्चरभर त्याच विचारात. तो नाचतो तो नाच बघाच, करंट लागल्यासारखा. मग शेवटी त्याला एक पोरगी मिळते, खूश होऊन खाली येतो आणि विचारतो बाटलीचा स्क्रू कुठाय, आणि जेसन तो स्क्रू त्याच्या हातातच देतो, म्हणजे हातात घुसवूनच. आमच्या घरात सगळे ओरडले, बायको आतनं विचारायला आली काय झालं. ओरडले कारण जिमी आवडला होता, नाहीतर हात काय, प्रत्येक पार्टात कापलेत. सॅविनी परत आलाय त्यामुळं शेवटी जेसनच्या डोक्यात कोयता जातो तो सीन पण एक नंबर, आणि तो मारणारा कोण तर डोकं भादरून छोटा जेसन झालेला टॉमी.

सहाव्याचं पण खोटं बोलणार नाही. 1986, टॉम मॅकलॉफलिन. टॉमी मोठा झालाय, जेसनला जाळून टाकायला थडगं उकरतो, रागानं लोखंडी सळई खुपसतो आणि तिच्यावरच वीज पडून जेसन जिवंत. मग जेम्स बाँडसारखी एंट्री. ह्या पार्टात कॅम्पात खरोखरची लहान पोरं येतात, आणि कॉटखाली लपलेली दोन पोरं एकमेकाला विचारतात मोठा होऊन काय होणार होतास म्हणून, तिथं खानापूरकर दर वेळी टाळ्या वाजवतोय. डायलॉग खरंच भारी आहे. खरं पिक्चर संपल्यावर त्याला विचारा, त्या दोन पोरांचं नाव काय, मेलेल्या कुणाचं नाव काय. डोकं खाजवतोय. म्हणून चौथा. तो म्हणतोय मी पिक्चर बघायला आलोय, हजेरी घ्यायला नाही. बरं.

पाचव्यात जेसन नाहीच, रॉय नावाचा अँब्युलन्सवाला आपलं पोर मेलं म्हणून मास्क घालून मारत सुटतो. गोकाकचा म्हणतोय की पहिल्यातली आई आणि हा बाप, दोन्ही एकच दुखणं. मुद्दा बरोबर आहे. खरं पिक्चरला स्वतःलाच ते सुचलेलं नाही, शेवटच्या पाच मिनिटांत घाईत सांगून मोकळे, आणि मधी कोण येतंय कोण मरतंय पत्ता नाही.

सातव्यापासनं केन हॉडर जेसन झाला, श्वास घेतानाचे खांदे बघा नुसते. मनानं वस्तू हलवणारी टीना समोर आहे, शेवटची मारामारी जबरी, खरं सेन्सॉरनं इतकं कापलंय की स्लीपिंग बॅग झाडावर आपटायचा फेमस सीन एका आपटीवर आला. आठव्याचं नाव जेसन टेक्स मॅनहॅटन, आणि बरेचसे रीळ बोटीवरच! तिकीट काढून गेलेल्यांनी खुर्च्या कशा फोडल्या नाहीत काय माहीत. नववा सोडा. जेसन एक्स अंतराळात आहे, भजी आणि चार दोस्त असतील तरच लावा. 2003 चा फ्रेडी व्हर्सेस जेसन, फ्रेडी म्हणजे दुसऱ्या एका हॉरर सिरीजचा खुनी, मारामारीपुरता मस्त, हॉडरला काढलं त्याचा राग अजून आहे. 2009 चा रिमेक बघितला, विसरलो.

त्यानंतर नवीन पिक्चर नाही, कारण पहिल्याचा लेखक व्हिक्टर मिलर आणि कनिंगहॅम कोर्टात गेले. 2018 ला आणि परत 2021 ला अपिलात निकाल मिलरच्या बाजूनं लागला, पहिल्या स्क्रिप्टचे अमेरिकेतले हक्क त्याचे. आणि त्या स्क्रिप्टमधला जेसन म्हणजे बुडालेलं पोरगं, मास्कवाला नाही, त्यामुळं घोळ.

नवीन बघणाऱ्यानं एक ते चार सलग बघा, मग थेट सहा. चौथ्याला पाचपैकी साडेचार, दुसऱ्याला चार, सहाव्याला पण चार देतो, खानापूरकर वाचालाय म्हणून.