'आय ऑफ द वर्ल्ड' की 'गार्डन्स ऑफ द मून': आधी कोणतं हातात घ्यावं?

भाच्याची बारावी संपली आणि दुसऱ्याच दिवशी त्याचा फोन आला. "मामा, सुट्टीत पुस्तकांची एक मोठी फँटसी मालिका लावायचीय. जॉर्डन घेऊ की एरिक्सन?" 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'वाला टोल्किन त्याचा वाचून झालाय. 'गेम ऑफ थ्रोन्स'वाल्या मार्टिनची पाचही पुस्तकं झालीत, आणि पाचवं २०११ साली येऊनही सहाव्याचा पत्ता नाही याचा त्याला मनापासून राग आहे. त्यामुळे त्याची अट एकच होती, मालिका पूर्ण झालेली हवी.

त्या अटीत दोन्ही बसतात. रॉबर्ट जॉर्डनची 'व्हील ऑफ टाइम' १९९० ला सुरू झाली. २००७ मध्ये तो गेला, आणि त्यानं मागे ठेवलेल्या टिपणांवरून ब्रँडन सँडरसननं शेवटचे तीन खंड लिहून २०१३ मध्ये ती चौदाव्या खंडावर पूर्ण केली. स्टीव्हन एरिक्सनची मलाझन मालिका १९९९ ते २०११ अशी दहा खंडांत आटोपते. म्हणजे निवड पहिल्या पुस्तकावर येऊन ठेपते, जॉर्डनचं 'आय ऑफ द वर्ल्ड' की एरिक्सनचं 'गार्डन्स ऑफ द मून'. तिथे पाय रुजला तर पुढचं सगळं, नाहीतर सातशे-आठशे पानांचा ठोकळा फळीवर पडून राहतो. मी ही दोन्ही पुस्तकं वाचली आहेत, एक तर तीनदा सुरू करून. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

वाचकांची या दोन पुस्तकांवरची मतं इतकी टोकाची आहेत की ऐकणारा गोंधळतोच. 'आय ऑफ द वर्ल्ड'बद्दल पहिली तक्रार असते ती टोल्किनच्या छापाची. आडबाजूचं गाव, साधीभोळी पोरं, काळ्या झग्यातला घोडेस्वार, गूढ पाहुणी आणि रातोरात पळ. तक्रार खरी आहे. पण जॉर्डननं सुरुवातीचा हा भाग मुद्दाम ओळखीचा ठेवला होता, आणि तसं सांगितलंही होतं. वाचकाला आधी ओळखीच्या अंगणात बसवायचं आणि मग हळूच बाहेर न्यायचं, असा त्यामागचा विचार. 'गार्डन्स ऑफ द मून'बद्दलची तक्रार नेमकी उलटी. अंगण नाही, ओटा नाही, थेट रणांगणाच्या मधोमध आणून सोडतात. एरिक्सननं पुढच्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत हे स्वतःच कबूल केलंय. शर्यत निम्मी झाल्यावर वाचकाला त्यात ढकललं जातं आणि त्यानं पहिल्या पावलापासून पळायचं, अशा अर्थाचं तो लिहितो.

आधी एरिक्सनच्या बाजूनं बोलतो, कारण त्याच्यावर अन्याय होऊ नये असं मला वाटतं. तो शिक्षणानं पुरातत्त्व आणि मानववंशशास्त्रातला माणूस आहे आणि ते पानोपानी जाणवतं. त्याच्या जगात प्रत्येक टेकडीखाली आधीच्या कुणाचं तरी शहर गाडलेलं असतं. हे जग त्यानं इयान एसलमाँट या मित्राबरोबर, पात्रं घेऊन खेळायचे रोल-प्लेइंग गेम खेळता खेळता उभं केलं, त्यामुळे पात्रांना पुस्तकाच्या आधीचं आयुष्य आहे. पेल शहराच्या वेढ्याचा प्रसंग घ्या. काळ्या दगडाचा एक अख्खा डोंगर हवेत तरंगतोय, खाली टेकडीवर जादूगार उभे आहेत, आणि आपल्याला हे सगळं टॅटरसेल नावाच्या जादूगारणीच्या डोळ्यांनी दिसतं. ती लढाईत जिंकलेल्यांच्या बाजूची, पण तिच्या माणसांचं काय झालं ते वाचताना जिंकणं हा शब्द आठवतच नाही. असं युद्ध मी फँटसीत दुसरीकडे क्वचितच वाचलं. आणि मग दारुजिस्तान हे शहर. जमिनीखालून येणाऱ्या वायूवर जळणारे निळे दिवे, पहाटे त्यांच्या झडपा बंद करत फिरणारी अबोल माणसं, आणि त्या उजेडात छपरांवरून एकमेकांच्या मागावर असलेले मारेकरी. स्वतःबद्दल 'क्रुप म्हणतो', 'क्रुपला वाटतं' असं बोलणारा तो गुबगुबीत क्रुप मला अजून आठवतो. निव्वळ झेप बघायची तर एरिक्सन जॉर्डनच्या पुढे आहे, हे मान्य करायला मला अडचण नाही.

तरीही माझा निर्णय ज्यावर झाला ती गोष्ट वेगळीच, आणि दिसायला फार लहान.

मी वाचतो लोकलमध्ये. जाताना पन्नास मिनिटं, येताना पन्नास, त्यातली निम्मी उभ्यानं. एका हातात कडी, एका हातात पुस्तक. 'गार्डन्स ऑफ द मून' अशा स्थितीत वाचताना अंगठा सतत पहिल्या पानांवरच्या पात्रांच्या यादीत अडकवून ठेवावा लागतो. हा कोण, कुणाच्या बाजूचा, मागे कुठे भेटला होता? एका हातानं इतक्या जाड पुस्तकाची पानं मागे उलटणं, तेही गर्दीत, म्हणजे दर दोन स्टेशनांना तारेवरची कसरत. तेही चाललं असतं. पण साधारण दोनशे पानं झाली असताना आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन आलं, लगेच गणपतीसाठी गावी जाणं आलं, आणि पुस्तक बारा-तेरा दिवस बॅगेत राहिलं. परत उघडलं तेव्हा समोर चार माणसं एका खोलीत बोलत होती. त्यांतल्या दोघांची नावं ओळखीची वाटली. ती कशाबद्दल बोलतायत ते मात्र काही केल्या आठवेना. तीन पानं मागे गेलो, तीस पानं मागे गेलो, शेवटी पहिल्यापासून सुरू केलं. पुढच्या खेपेला असाच खंड ऑफिसच्या मार्चअखेरीनं पाडला, तेव्हा पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी मी रजा काढल्यासारखी एक दिवाळीची सुट्टी त्याला दिली, तेव्हा कुठे ते संपलं.

हे पुस्तक खाली ठेवलं की ते तुमच्यासाठी थांबत नाही. ज्याच्या हाताशी सलग आठ-दहा दिवस आहेत त्याला हे कळणारही नाही, आणि कदाचित म्हणूनच वाचकांचे दोन तट पडत असावेत. कौतुक करणाऱ्यांशी बोलताना मी नेहमी विचारतो की किती दिवसांत वाचलंत. बहुतेकांनी सुट्टीत, आजारपणात नाहीतर कॉलेजात असताना वाचलेलं असतं. माझा अनुभव एवढाच, यावरून नियम काढायचा नाही. पण उत्तर सारखं तेच येतं.

'आय ऑफ द वर्ल्ड' मी याहून मोठा खंड पाडून वाचलं. घर बदललं तेव्हा ते जवळजवळ महिनाभर खोक्यात होतं. बाहेर काढून उघडलं तर रँड आणि मॅट, त्या आडगावातली दोन पोरं, केमलिन शहराच्या रस्त्यावर चालत होती. पाय दुखतायत, पोटात काही नाही, संध्याकाळी एखाद्या खानावळीत बासरी वाजवून आणि चेंडू झेलून दाखवून जेवण मिळतंय का बघतायत, आणि मागे कोण लागलंय याची धास्ती. दोन परिच्छेदांत मी त्यांच्याबरोबर चालायला लागलो. या भागाबद्दलच लोक सगळ्यात जास्त कुरकुर करतात. किती चालतात, किती खानावळी, पुन्हा तेच भय, पुन्हा तेच स्वप्न. मलाही सलग वाचताना ते लांबल्यासारखं वाटलं होतं. पण कीर्तनात बुवा फिरून फिरून मूळपदावर येतात, त्यामुळे उशिरा आलेल्या माणसालाही मांडी घालून बसल्यावर चरण कोणता चाललाय ते कळतं. जॉर्डनचं तसं आहे. ज्याला पाल्हाळ म्हणतात, त्याच्यामुळेच मला परत आत शिरता आलं.

आणि त्याला नेमक्या जागी थांबणंही येतं. गावावर हल्ला होतो त्या रात्री रँड आपल्या जखमी बापाला जंगलातून ओढत नेतो. घोडी पळून गेलेली, म्हणून गाडीच्या दांड्या आणि घोंगड्या यांची डोली केलेली. रस्त्यावरून जायची सोय नाही, तिथे ते राक्षस फिरतायत. मुळं, खाचखळगे, अंधार, आणि दर थोड्या वेळानं थांबून बापाचं कपाळ चाचपणं. ताप वाढत चाललाय. तापात बाप बरळतो, आणि त्या बरळण्यातलं एक वाक्य पोराच्या पायाखालची जमीन काढून घेतं. ते वाक्य इथे सांगत नाही. पण चौदा खंडांचा डोलारा मला त्या डोलीवर उभा असलेला दिसतो.

जॉर्डनच्या खोडी आहेतच. गावाची वैदू नायनीव्ह दर थोड्या वेळानं वेणी ओढते. बायका पुरुषांना आणि पुरुष बायकांना समजून घ्यायचंच नाही असं ठरवल्यासारखे वागतात. एकानं दुसऱ्याला वेळेवर एक गोष्ट सांगितली असती तर पन्नास पानं टळली असती, असं कितीदा तरी होतं. त्रेपन्न प्रकरणांतली पंचेचाळीसेक निवांत चालतात आणि शेवटची घाईनं उरकतात. क्लायमॅक्सला नेमकं काय घडलं ते मला दुसऱ्या वाचनात उलगडलं. एरिक्सनचा शेवटही असाच कुठून तरी अचानक येऊन पडतो, म्हणून शेवटाच्या बाबतीत दोघांना मी सारखंच धरतो.

भाषेचं एक सांगायला हवं. मी मराठी माध्यमातला. जॉर्डनचं इंग्रजी मी डुलक्या सोडून बाकी कुठल्याही अवस्थेत वाचू शकतो. कपड्यांच्या भरतकामाची वर्णनं जास्त आहेत, पण वाक्य सरळ आहे. एरिक्सन अर्धं न सांगता सोडतो, आणि ते अर्धं भरून काढायला सगळी शुद्ध लागते. शिवाय युगांमागून युगं फिरत येतात, माणसं पुन्हा जन्म घेतात, हे जॉर्डनच्या जगाचं मूळच आहे. आपल्याकडच्या वाचकाला ते समजावून द्यावं लागत नाही.

ज्यांनी 'व्हील ऑफ टाइम'वरची, २०२१ पासून तीन सीझन चाललेली वेबमालिका पाहिली आहे त्यांनी ती बाजूला ठेवून पुस्तक उघडावं. तिथे रँडचा मित्र पेरिन सुरुवातीलाच लग्न झालेला दाखवलाय, या पहिल्या पुस्तकात त्याचं लग्न झालेलंच नाही, यावरून काय ते समजा.

तर, तुमच्याकडे सलग मोकळे दिवस असतील, न कळण्यात तुम्हाला मजा वाटत असेल आणि युद्धकथेची ओढ असेल, तर 'गार्डन्स ऑफ द मून' जरूर घ्या. मलाझनचं दुसरं पुस्तक पहिल्यापेक्षा कितीतरी सरस आहे असं बरेच जण म्हणतात आणि मला ते पटतं. 'व्हील ऑफ टाइम'मध्ये उलट सातव्या ते दहाव्या खंडात गाडी रुतते, हेही आधीच माहीत असलेलं बरं. पण कामातून, घरातून, प्रवासातून उरलेल्या वेळात वाचणाऱ्याला मी काय सांगेन हे एव्हाना लक्षात आलं असेल.

भाचा शनिवारी आला होता. त्याला दोन्ही पुस्तकं दिली. पिशवीत भरताना एरिक्सन खाली ठेवला, जॉर्डन वर. परवा त्याचा मेसेज आला. बाप अजून डोलीवर आहे, आणि ताप उतरत नाहीये.