पंचाहत्तर इंची पॅनल आणि चाळीस कागदी कार्डं : आठ महिन्यांनंतर

वर्गातलं डिजिटल पॅनल आणि कागदी कार्डं, दोन्ही वापरून आलेला हा माझा अनुभव; पॅनलचे फीचर्स इथे लिहीत बसत नाही. आमच्या कॉलेजात नॅकच्या, म्हणजे कॉलेजचा दर्जा ठरवणाऱ्या तपासणीच्या, तोंडावर घेतलेलं ७५ इंची इंटरॅक्टिव्ह पॅनल (बोटाने लिहिता येणारा मोठा स्क्रीन) जुलैत एफवायच्या वर्गात लागलं आणि ऑगस्ट संपायच्या आत बिघडलं. मी कंपल्सरी इंग्लिशला ‘सिन्स’ आणि ‘फॉर’ शिकवत होते. स्क्रीनला कुणी हात लावत नव्हतं, तरी रेघोट्या उमटत होत्या, पानं आपोआप उलटत होती. एजन्सीला चार फोन केले, चारही वेळा सिरियल नंबर नव्याने विचारला. तेविसाव्या दिवशी माणूस आला, फ्रेमवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, “मॅडम, खडूची धूळ आहे. वॉरंटीत बसत नाही.”

आमच्या पॅनलच्या कडेतून इन्फ्रारेड किरण सोडलेले असतात. किरण अडला की पॅनलला वाटतं बोट लागलं, मग तो धुळीने अडला तरी तेच. खडूच्या फळ्याला चिकटून पॅनल बसवलं ते त्यांच्याच माणसांनी. तेव्हा एक वाक्य सांगायला काय हरकत होती? राग अजून गेलेला नाही, कारण कॉलेजचे पैसे म्हणजे शेवटी पोरांच्या फीचे पैसे.

त्या तेवीस दिवसांत प्लिकर्सची कागदी कार्डं काढली. प्लिकर्स म्हणजे मुलांनी धरलेली कार्डं फोनने वाचून उत्तरं मोजणारं ॲप. काळी-पांढरी नक्षी, चार कडांना बारीक अक्षरात ए, बी, सी, डी. उत्तराची कड वर करून कार्ड धरायचं, मी फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवायचा. प्रत्येक कार्डाची नक्षी वेगळी, त्यामुळे शेजाऱ्याचं बघून काही कळत नाही. फोन लागतो तो फक्त माझा. आमची निम्मी मुलं एसटीने खेड्यांतून येतात, घरात एकच फोन असतो आणि तो वडिलांकडे. प्रत्येकाच्या मोबाइलवर चालणारी क्विझ आमच्याकडे होत नाही.

आता लॅमिनेशनबद्दल सविस्तर लिहिते, कारण माझा पंधरवडा त्यातच गेला. ४० कार्डांचा संच, एका पानावर दोन. टिकावीत म्हणून स्टँडसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडून लॅमिनेट करून घेतली. एकाचे १५ रुपये, म्हणजे ६०० रुपये माझ्या खिशातून गेले. वर्गात ट्यूबलाइट लावली की चकचकीत कार्डावर पांढरा पट्टा पडायचा आणि फोनला नक्षीच दिसायची नाही. मागच्या बाकांवरची आठ-दहा कार्डं कायम सुटायची. मुलं कार्ड तिरकं करायची, तसं करताना बोटं नक्षीवर यायची आणि तेही कार्ड वाचलं जायचं नाही. ट्यूब बंद केली तर पावसाळी अंधार. एका प्रश्नाला चार-चार मिनिटं. हा ॲपचाच दोष आहे असं मी धरून चालले होते आणि ‘उपयोग नाही’ एवढाच अभिप्राय लिहिणार होते. मग लग्नपत्रिका छापणाऱ्या प्रेसवाल्याने कार्ड उजेडात धरलं आणि म्हणाला, “चकाकतंय हे. मॅट पाहिजे.” त्याने ३०० जीएसएमच्या, म्हणजे जाडसर, मॅट कागदावर, लॅमिनेशनशिवाय, सगळा संच २४० रुपयांत करून दिला. दुसऱ्या दिवशी कॅमेरा एकदा फिरवला आणि सगळी कार्डं वाचली गेली. हा अनुभव आणखी कुणाला वाचायचा नसेल तरी एवढं लक्षात ठेवा: चकचकीत लॅमिनेशन करू नका. आठ महिन्यांत त्या साध्या कार्डांतली तीनच दुमडली.

वर्गात येतात ५२ ते ५६ जण. ६३ कार्डांचा संचही मिळतो, पण ८४० रुपये घालून झाले होते, म्हणून दोघांत एक कार्ड दिलं. निव्वळ काटकसर. पण व्याकरणाचा तास बदलला तो तिथे. कार्ड एक म्हटल्यावर दोघांना बोलावंच लागतं. ‘आय हॅव मेट हिम येस्टरडे’ हे वाक्य बरोबर की चूक, असा प्रश्न होता. मराठीत ‘मी काल त्याला भेटलेय’ कानाला खटकत नाही, म्हणून हे इंग्रजीही खटकत नाही. मी वर्षानुवर्षं नियम फळ्यावर लिहिला आहे. त्या दिवशी तिसऱ्या बाकावरची एक मुलगी मैत्रिणीला सांगत होती, “अगं, येस्टरडे लावलंस की टाइम ठरला. मग हॅव कशाला घालतीस?” पहिल्या फेरीत २७ जोड्यांपैकी ९ बरोबर, पुढच्या-मागच्या बाकाशी बोलल्यावर २१.

हार्वर्डमध्ये एरिक मझूर यांनी १९९१ पासून फिजिक्स याच धर्तीवर शिकवलं: आधी एकट्याने उत्तर, मग शेजाऱ्याशी वाद, मग पुन्हा उत्तर. पहिल्या फेरीत साधारण ३० ते ७० टक्के बरोबर असतील तरच चर्चा घ्यावी, असं ते सांगतात. पुढे कॅनडात नॅथॅनिएल लॅस्री यांनी इलेक्ट्रॉनिक क्लिकर (उत्तराचं बटण दाबायचा हातातला रिमोट) आणि कागदी कार्डं यांची तुलना केली आणि २००८ मध्ये ती छापली. शिकण्यात फरक दिसला नाही. हे वाचलं तेव्हा आमच्या पॅनलची किंमत आठवून मला खरंच वाईट वाटलं.

डिसेंबरात मात्र मत थोडं बदलावं लागलं. इंग्रजीत ‘डिस्कस’पुढे ‘अबाउट’ लागत नाही, पण ‘डिस्कस अबाउट’वर पहिल्यांदा बरोबर असलेल्या जोड्या चर्चेनंतर चुकल्या. ‘विषयावर चर्चा करतो’ असं आपण म्हणतो, मग ‘अबाउट’ हवंच, असं एका हुशार आणि मोठ्या आवाजाच्या मुलाने पटवलं आणि तीन बाकं त्याच्यामागे गेली. शिवाय जोडीच्या कार्डावरून कुणाला येतंय नि कुणाला नाही हे मला कळत नाही. बी.कॉम.ची एक मुलगी चार महिने शेजारणीच्या भरवशावर बसली होती, ते मला तिच्या परीक्षेच्या पेपरात दिसलं. तिला मी ओळखायला हवं होतं. तेव्हापासून आधी प्रत्येकाने वहीत उत्तर आणि कारणाचं एक वाक्य लिहायचं, मगच कार्ड उचलायचं. जोड्या दर सोमवारी चिठ्ठ्या टाकून बदलतात.

पॅनलही आता चालू आहे. जानेवारीत कॉलेजने पैसे भरून फ्रेम साफ करून घेतली आणि फळा मागच्या भिंतीला नेला. त्याचा एक उपयोग मनापासून मान्य करते. डिक्टोग्लॉस घेते तेव्हा छोटा परिच्छेद नेहमीच्या वेगाने दोनदा वाचते आणि चौघांचा गट टिपणांवरून तो पुन्हा लिहितो. त्या वहीचा फोटो ७५ इंचांवर लावला की शेवटच्या बाकालाही ‘ए’ आणि ‘द’ कुठे सुटले ते दिसतं, आणि मुलं स्वतः उठून पेनने भरतात. मराठीत आर्टिकल नाही, त्यामुळे ती सुटलेली डोळ्यांना दिसावी लागतात, कानाला कळत नाहीत. यासाठी प्रोजेक्टर पुरला असता का? आमच्या खिडक्यांना पडदे नाहीत, दुपारच्या तासाला पुरला नसता.

पुढच्या वर्षासाठी ६३ चा संच प्रेसवाल्याकडे टाकलाय. एकट्याच्या उत्तरासाठी प्रत्येकाला एक कार्ड, आणि दुसऱ्या फेरीला दोघांतलं एक खाली ठेवायचं. कागद तोच, मॅट.